बूट आणि समई

"ताई, पायातलं खाली काढून या. स्टेजवर समई लावलीय," छातीवर बिल्ला लावलेला कार्यकर्ता कुंदाला म्हणाला.

कुंदाने डाव्या पायातल्या बुटाकडे पाहिलं. तळ चांगला चार बोटं जाड. तिचा तो पाय जन्मापासून आखूड. बाजारातल्या दगडूमामांनी चारदा माप घेऊन, दोनदा उसवून हा बूट खास तिच्यासाठी शिवला होता. तो पायात असला की ती ताठ चालायची. काढला की भिंत धरून सरकायची. आणि या शहाण्यांनी तिला बोलावलं होतं कशाला, तर असाच नवा बूट भेट द्यायला! दिव्यांगांचा सन्मान म्हणे. हौस दांडगी, अक्कल मात्र चपलांबरोबर पायरीखाली काढून ठेवलेली.

"काढते की," ती म्हणाली. "आधी तुमच्या साहेबांना चष्मा काढायला सांगा."

"काहीतरीच काय, ताई! चष्म्याशिवाय साहेबांना एक पायरीसुद्धा उतरता यायची नाही."

"हो ना?" एवढंच म्हणून कुंदा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने वर बसलेल्या साहेबांकडे पाहिलं, मग तिच्या बुटाकडे, आणि मान खाली घालून उगाचच हार मोजायला लागला.

कुंदाने बुटाचा पट्टा आणखी एक भोक आवळला. ठक ठक वाजवत ती पायऱ्या चढली आणि बुटासकट समईशेजारी जाऊन उभी राहिली. समईची एक वातसुद्धा हलली नाही.