साहेबांचं कपाट

महापौरांची चौकशी करणाऱ्या लाचलुचपत खात्याच्या साहेबांची अचानक बदली झाली, तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर उतरली. "आमच्या साहेबांवर दबाव आणता काय!" शेवटी बदली रद्द झाली. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने तर ट्रकमध्ये चढवलेलं त्यांचं कपाट पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर परत पोचवलं.

मग तपास पूर्ण झाला. "महापौरांनी पैसे खाल्ल्याचा पुरावा नाही. लोकांना हवंय म्हणून मी कुणाला अटक करणार नाही," साहेबांनी जाहीर केलं.

त्याच संध्याकाळी दगडाने खिडकीची काच फुटली. खाली घोषणा देणाऱ्यांत सलूनवाला सगळ्यांत पुढे होता.

काचा गोळा करणाऱ्या बायकोला साहेब हळूच म्हणाले,



"उद्या मीच बदली मागून घेतो. कपाट तेवढं या वेळी आपल्या दोघांनाच उतरवावं लागेल."