केतय्याची मान

राजा नन्नियरसाचा एक पाय रिकिबीत होता. केतय्या घोड्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या मानेवरून नुसता हात फिरवला.

"जा की, देवा. त्यांची चार हजार माणसं आहेत म्हणे. बायकोला सांगून आलोय, जेवायला थांबू नकोस म्हणून."

"केत्या, तू मला लढू देणार नाहीस."

"मी कोण अडवणार? मी आपला मान धुऊन आलोय."

राजाने पाय काढून घेतला.

त्या डोंगरी राज्यात राजाचा एक सोबती शपथ घेई: राजा मरेल त्या दिवशी आपलंही शिर द्यायचं. राज्याभिषेकाच्या सकाळी केतय्या देवीच्या गाभाऱ्यातून पायात शपथेचा तोडा घालून बाहेर आला. शपथ झाल्याचं राजाला त्याच्या आईनेच सांगितलं. राजा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. माजलेल्या हत्तीच्या सोंडेला लोंबकळणं हा त्याचा आवडता खेळ.

तो खेळ त्याच दिवशी संपला. मग शिकार सुटली. तुपात तळलेलं रानडुकराचं मांस सुटलं. रोज सकाळी किराईताचा काढा आला. वाटी तोंडाशी नेताना राजा शिव्या देई. त्या काढ्याला की केतय्याला, हे कुणाला कळत नसे. शेजाऱ्यांशी तह झाले. भाट त्याला शांतीचा सागर म्हणू लागले. राजाला त्याची लाज वाटे, पण केतय्याची पाच पोरं डोळ्यांपुढे येत.

साठी उलटल्यावर राजाला ताप भरला. वैद्याने आशा सोडली. केतय्या पायाशी बसला होता.

"शपथ मोडतोस का रे?" राजाने विचारलं.

"देवीसमोरची गोष्ट आहे, देवा."

"मग काढा आण. दोन वाट्या आण. तुझ्याआधी मरून चालायचं नाही मला."

राजा उठला आणि केवळ हट्टाने आणखी अकरा वर्षं जगला. शेवटी केतय्यानेच अंथरूण धरलं. राजा काठी टेकत त्याच्या घरी गेला, उशाशी बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा पैज जिंकल्यासारखा होता.

"सुटलास, केत्या. मान शाबूत घेऊन चाललास."

केतय्याने राजाला जवळ वाकायची खूण केली.

"देवा, मी शपथ घेतलीच नव्हती. राणीआई म्हणाल्या, पोरगं स्वतःच्या मरणाला भीत नाही, दुसऱ्याच्या मरणाला भितं. दोन-चार वर्षं असंच सांभाळ, शहाणं झालं की सांगून टाक."