वस्ती बंद करण्याचा ठराव

चंद्रावरची वस्ती बंद करून तिचा निधी मंगळमोहिमेला द्यावा, हा ठराव खासदार दिनकर पांगारकरांनीच समितीपुढे मांडला होता. वस्ती उठली की तिथेच जन्मलेली आपली नात इरावती घरी येईल, अशी त्यांना आशा होती.

मतदानाआधी वस्तीतल्या डॉक्टरांची साक्ष झाली. "इथं जन्मलेल्या मुलांची हाडं नाजूक आहेत. पृथ्वीवर त्यांना स्वतःचं वजन पेलणार नाही," पडद्यावरून त्या म्हणाल्या.

पांगारकरांनी माइक जवळ ओढला आणि ठराव मागे घेतला.

संध्याकाळी इरावतीनं फोनवर विचारलं, "आजोबा, मग आम्ही कधी यायचं?"

"तू नको येऊस, बाळा," ते म्हणाले. "मीच तिकडं राहायला येतो."