निळी टोपी

नवव्या पराभवानंतर ऑरिननं वहीत आकडे मांडले. नऊ सामने, त्यानं कडेवरून हातांनी दाखवलेल्या पाचशे अठरा खुणा. त्यातल्या एकसष्ट वेळाच रीस खुणेप्रमाणे खेळला होता.

वही मिटून त्यानं समोरच्या खाटेकडे पाहिलं. रीस गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून पडला होता. वसतिगृहात दोघांची खोली एकच, आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची प्रत्येक चाल रीसच्याच हातून सुरू व्हायची.

"आज मी धावायची खूण दाखवली आणि तू चेंडू फेकलास."

"ऊन डोळ्यांवर होतं रे."

"मागच्या शनिवारी बर्फ पडत होता."

"मग बर्फ डोळ्यांवर असेल." रीस भिंतीकडे वळला. "पिझ्झा मागवायचा का?"

ऑरिन चौथ्या वर्षाला होता. चार वर्षांत त्याच्या हेल्मेटवर एकही ओरखडा उठला नव्हता. तो बाकावरचा खेळाडू. यंदा ऑगस्टमध्ये मात्र कोच लुंडीननी त्याला निळी टोपी दिली. मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि कोच कानात सांगतील ती चाल हातवाऱ्यांनी रीसला कळवायची. शेजारी लाल टोपी घालून टली उभा राही. तोही बाकावरचाच, तोही हातवारे करी. पण त्याचे फक्त समोरच्यांना चकवायला.

"टलीला माहितीये ना, की त्याचे हातवारे खोटे आहेत?" ऑरिननं तेव्हा विचारलं होतं.

"ज्याला जे सांगायचं ते मी सांगितलंय," कोच म्हणाले होते. "तू हात नीट हलव. तुझ्या हातांवर बरंच अवलंबून आहे."

ऑरिननं हात नीट हलवले. प्रत्येक सामन्यात पलीकडच्या कडेवरून समोरच्या संघाचा एखादा माणूस त्याच्यावर दुर्बीण रोखून असे. त्याचा त्याला अभिमान वाटे. त्याचे वडील दर शनिवारी तीन तास गाडी चालवत येत. "मी खेळ नाही बघत," ते म्हणत, "तुझे हात बघतो." या हातांनी मिळवलेला एक तरी विजय त्यांना दाखवायचा, एवढंच आता उरलं होतं.

रीसबद्दल तो कोचकडे काही बोलला नाही. ऐनवेळी चाल बदलायचा हक्क रीसला होता, आणि एका खोलीत राहणाऱ्याची चुगली करू नये.

दहावा सामना शेवटचा, घरच्या मैदानावर.

"आपण दोघं नुसते हात हलवतो," टली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत म्हणाला. "हरायचं कष्टाचं काम बिचारे बाकीचे करतात."

पण त्या दिवशी ते पार हरले नव्हते. बारा सेकंद उरले होते. चार गुण कमी होते, गोलरेषा पाच यार्डांवर होती, ती ओलांडली की सहा गुण, आणि एकच चाल शिल्लक होती. कोच आधी टलीच्या कानाशी वाकले, मग ऑरिनच्या.

"मधून धाव."

ऑरिननं मैदानाकडे पाहिलं. मधे माणसांची भिंत होती. डाव्या कोपऱ्यातला समोरच्यांचा बचावपटू मात्र आत सरकला होता. कोपरा मोकळा होता. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कोचचं ऐकलं नाही. डाव्या कानाला हात लावून त्यानं कोपर उचललं. डावीकडे फेक.

पलीकडे दुर्बीणवाला काहीतरी ओरडला. कोपऱ्यातला बचावपटू दोन पावलं मागे जाऊन आपल्या जागी उभा राहिला.

आणि रीसनं चेंडू फेकला. नेमका डावीकडे.

ऐकलं! आज ऐकलं यानं! चेंडू हवेत होता तोवर ऑरिनचा आनंद टिकला. मग कोपऱ्यातल्या त्या बचावपटूनं चेंडू अलगद छातीशी घेतला.

दहा सामने, दहा पराभव.

कपडे बदलायची खोली रिकामी झाल्यावर तो कोचसमोर जाऊन उभा राहिला.

"शेवटची चूक माझी आहे, कोच. तुम्ही धाव सांगितलीत, मी डावीकडे फेक दाखवली. रीसला बोलू नका. त्यानं फक्त माझं ऐकलं."

कोच बुटाची नाडी सोडत होते. त्यांचे हात थांबले.

"डावीकडे फेक? तू दाखवलीस?"

"कोपरा मोकळा होता."

"होता. मलाही दिसला होता." कोचनी शेजारचा बाक पुढे सरकवला. "बस, ऑरिन. ऑगस्टमध्ये मी रीसला एकच ताकीद दिली होती. निळ्या टोपीकडे चुकूनही बघायचं नाही."