सुईदोऱ्याचं पाकीट

"चौकशीच्या पत्राबरोबर भेट कशाला? ज्याला उत्तर द्यायचंय तो देईलच," डॉक्टर दाभाडे म्हणाले.

"मग करूनच बघू, सर," नेत्रालयात आकडेवारीचं काम पाहणारी रेवती म्हणाली. गेल्या वर्षी शिबिरात मोतीबिंदू काढलेल्या चारशे जणांची नावं तिने चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली. प्रश्न सगळ्यांना एकच होता: आता नीट दिसतं का? दोनशे जणांना नुसतं पत्र गेलं, बाकीच्या दोनशेंना पत्राबरोबर सुई आणि दोऱ्याचं छोटं रीळ.

महिन्याभरात नुसत्या पत्राला शेहेचाळीस उत्तरं आली, सुईदोऱ्याच्या पाकिटाला एकशे अठरा. तेवीस टक्के आणि एकोणसाठ. "एवढा फरक योगायोगाने पडत नाही," रेवती आनंदाने म्हणाली. डॉक्टर मात्र एकच उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होते. सगुणाबाई तांबे यांनी शेजारणीकडून लिहवून घेतलं होतं, "दोरा ओवायला बसले तेव्हा कळलं, पुन्हा धूसर दिसतंय. एरवी वय झालं म्हणून गप्पच बसले असते."

"गप्प बसलेल्या सगळ्यांना आजच सुईदोरा पाठव," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सगुणाबाईंसाठी गाडी धाडली. शस्त्रक्रियेत बसवलेल्या भिंगामागे पातळ पडदा धरला होता. लेसरने पाच मिनिटांत काम झालं.

दुसऱ्या सकाळी सगुणाबाईंनी डॉक्टरांना नीट निरखून पाहिलं.

"अगं बाई, तुम्ही इतके तरुण? गेल्या वर्षी तोंडाला मास्क होता, मला वाटलं माझ्याच वयाचे असाल!"

एरवी गंभीर असणारे डॉक्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.