‘निरोगी’ नळी

आमच्या प्रयोगशाळेत घशाच्या कॅन्सरचा धोका सांगणारी जनुकीय चाचणी नव्यानेच सुरू झाली होती. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. “माझंच घ्या, मला काय धाड भरलीय!” म्हणत मी बाही वर केली आणि नळीवर ऐटीत ‘निरोगी’ लिहिलं. दोष नेमका त्याच नळीत निघाला. “नळ्या बदलल्या असतील,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तेच. “हा दोष आई-वडिलांकडून येतो. घरात कुणाला कॅन्सर होता?” “बाबांना. पण ते चोरून तंबाखू खायचे.” “तू पाहिलंस?” मला बाबा आठवले. “तंबाखूला शिवतही नाही गं, गळ्याशप्पथ,” म्हणत बाबा सुजलेल्या गळ्याला चिमटा घ्यायचे. शेवटपर्यंत मी त्यांचे खिसे उलटे करून हुंगत होते. एकदाही काही सापडलं नाही. तेव्हा मी म्हणायचे, “बाबा, भलतेच बिलंदर आहात हो तुम्ही!”