चढता नंबर

मॅट्रिकला कमळाकर शाळेत पहिला आला, तशी मिठागरावर राबणाऱ्या त्याच्या बापानं, दाजीनं, पनवेलच्या बाजारातून पेढे आणले. "चौथीत पाचवा, सातवीत दुसरा, आता पयला! पोरगा चढतच गेला," असं तो दारोदार सांगत सुटला. मागून कमळाकर ताठ मानेनं पेढे वाटत होता. आपलं डोकं वयाबरोबर उघडत गेलं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

सातवीपर्यंत पहिली येणारी दमयंती माहेरी आली होती. कडेवरचं पोर सावरत तिनं पेढा घेतला आणि हसली. "चौथीत तुज्या पुढं आमी चार पोरी व्हतो, कमळ्या. एकेकीचं लगीन झालं."

कमळाकरला चारही लग्नं आठवली. प्रत्येक पंगतीतून तो पोटभर जेवून आणि एक नंबर वर चढून उठला होता.